नैवेद्याच्या आधी

बेसा, नागपूर
१२ जून २०२५

पुष्पलता,

तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहे, असं मयुरा म्हणते. त्या सुनेच्याच फोनवरून लावता आला असता, पण तुझा आवाज ऐकून मी काय बोलली असती, मलेच माहीत नाही. पोस्टमनले काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. शुद्ध-बिद्ध लिहीत नाही, बोलते तशीच लिहून राहिली. चुलीत टाकायचं तर टाक, पण वाचून टाक.

काम आहे म्हणूनच लिहिते. मले शुगर निघाली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, ऑपरेशनची तारीख घ्यायले आपला ऋषी मले घेऊन गेला. तिथं रक्त काढलं, आणि डॉक्टर म्हणे, आजी, डोळ्याचं नंतर पाहू, आधी हे पाहा. उपाशीपोटी दोनशे चौतीस. तीन महिन्यांची सरासरी साडेनऊ. मी म्हटलं, मशीन बिघडली असंल. ऋषीले दुसऱ्या लॅबमध्ये घेऊन गेली. तिथली मशीन आणखीच बिघडलेली, दोनशे एक्केचाळीस!

आता सकाळ-संध्याकाळ गोळी. चहा बिनसाखरेचा, म्हणजे तोंड धुवायचं पाणी. भात एक वाटी, तीही मुलाच्या उष्टावणातली. बटाटा नाही, साबुदाणा नाही, रविवारचा वडाभात नाही. आणि ऐन जून महिन्यात आंब्याची एक फोड. बापा, एका फोडीनं माणसाचं काय होते? आपल्या घरी यांनी आंबे कधी पेटीशिवाय आणले नाहीत, तुले माहीत आहे.

तुले वीस वर्षं झाली या रोगाले. म्हणून विचारून राहिली. भाकर ज्वारीचीच पायजे का? दोन जेवणांच्या मधात भूक लागली तर काय खातेस? रामटेकसारख्या धानाच्या गावात राहून तू भात कमी केला, तो कसा केला? दोन वेळा समोर गरम भात वाढलेला असते, आणि तू हात आवरते. मी तर चार दिवसांतच रडकुंडीले आली.

एवढंच सांगजो. बाकी मी काही विचारत नाही, तूही विचारू नको.

देवराव भाऊजींना नमस्कार.

कौशल्या


३ जुलै

पुष्पलता,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझ्या जागी असती तर मीही दिलं नसतं, आणि वरून रामटेकभर सांगत फिरली असती की पाहा, जाऊबाई आता कशी आली ठिकाणावर.

घरात माझ्यावर पहारा बसला आहे. मयुरानं एक छोटा काटा आणला, सोनाराकडं असते तसा. त्यावर माझी भाकर ठेवते. मी म्हटलं, काहून वं, तोळ्यानं देणार का आता मले? ती हसते, पण काटा काही उचलत नाही. सकाळी साडेपाचले कॉलनीच्या तीन चकरा मारायच्या. पहिल्या दिवशी एका चकरेतच माझा दम निघाला, तर घरी येऊन सांगतलं, कुत्रे लय मागं लागतात.

मागच्या आठवड्यात शेजारणीनं संत्रा बर्फीचा डबा दिला. चार तुकडे छोट्या डब्यात घालून मी दिवाणात लपवले, चादरींच्या खाली. रोज दुपारी एक. चौथ्या दिवशी मयुरानं मशीन आणून माझं बोट टोचलं, दोनशे नव्वद. ती काही ओरडली नाही. म्हणे, "आई, मले फसवून काय करता? रक्त तर तुमचंच आहे." चादरी तिनं तेव्हाच घडी करून ठेवल्या, डबा तिले सापडला, तो धुवून पालथा घातला. मले ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग रविवारी प्रेमिलाताई आल्या. आपली नणंद कशी आहे तुले माहीत, रिकाम्या हातानं येणार नाही. पुरणपोळी घेऊन आल्या, तुपाची धार सोडलेली. मी म्हटलं, ताई, नको. तर म्हणतात, "एकानं काय होते कौशल्या? नखरे नको करू, अन्नाचा अपमान होते."

पुष्पलता, ते वाक्य माझं आहे. ते मी तुले म्हणत होती. दर सणाले, दर बारशाले, पंधरा वर्षं. ऋषीच्या लग्नात फोटोवाला समोर उभा होता म्हणून मी तुझ्या तोंडात जबरदस्तीनं गुलाबजाम कोंबला. तो फोटो अल्बममध्ये आहे, काल काढून पाहिला. मी दात काढून हसून राहिली, आणि तुझे डोळे भरलेले. तेव्हा मले वाटलं, लाजून राहिली.

हे चुकलं माझं. लिहून दिलं.

पण त्या महालक्ष्म्यांच्या दिवसाचं म्हणशील, तर ती गोष्ट वेगळी आहे. सहा वर्षांआधी माझ्या घरी, नैवेद्य व्हायच्या आधी, तू पुरणात हात घातला. हे खरं आहे ना? मी लोकांले तेवढंच सांगतलं. खोटं काही सांगतलं नाही.

कौशल्या


२९ जुलै

पुष्पलता,

तुझा कागद मिळाला. वहीतून फाडलेला, वर नाव नाही, खाली नाव नाही. ज्वारी चालते. आधी भाजी खायची, भात शेवटी. भूक लागली तर मूठभर फुटाणे. रोज रात्री पाय उलटून पाहायचे, जखम आहे का. गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. उपास नाही. 'उपास नाही'च्या खाली दोन रेघा, आणि दुसरी रेघ इतकी दाबून ओढली की कागद फाटला.

मी तो कागद देवाच्या फोटोमागं खोचला आणि मनात म्हटलं, आता हे मले शिकवणार. श्रावणी सोमवार मी लग्नापासून करते, हे गेले त्या वर्षी नाही सोडला, तो गोळीसाठी सोडू?

काल पहिला सोमवार होता. सकाळी आठले मी गोळी घेतली आणि मयुरा-ऋषीले सांगतलं, फराळ करते. ते ऑफिसले गेले. मी फराळ केला नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर सोडायचा, आपली रीत आहे तशी.

दुपारी बाराच्या सुमारास मी तांदूळ निवडत बसली होती. आधी घाम आला. पंखा चालू, अंगावर पातळ लुगडं, आणि पाठीतून घामाच्या धारा. मग हात कापायले लागले. मी एका हातानं दुसरा हात धरला तर दोन्ही कापून राहिले. छातीत धडधड, डोळ्यापुढं काळं. आणि भूक अशी, की ती भूक नव्हतीच. पोटात कोणी ओरडून राहिलं होतं. उठायले गेली तर पाय माझे नाहीत. मी बसल्या बसल्या सरकत स्वयंपाकघरात गेली, गुळाचा डबा खालच्या फळीवर होता म्हणून वाचली. झाकण दातांनी काढलं. खडा तोंडात घातला तेव्हा महादेवाची आठवणही नाही आली मले, सोमवाराचीही नाही. एकच गोष्ट आठवली.

"बाई, माझे हात कापून राहिले. काहीतरी द्या तोंडात टाकायले."

हे तू मले तीनदा म्हटलं होतं.

आता लिहिते. लिहिलं नाही तर आज रात्री झोप येणार नाही.

तू त्या दिवशी पहाटे चारपासून माझ्या ओट्याशी उभी होती. सोळा भाज्या चिरल्या, आंबील केली, तीन किलोचं पुरण वाटलं. आठ वाजता पाण्यासंगं गोळी घेतली, ते मी पाहिलं. नैवेद्याआधी घरात कोणी काही खात नाही, तूही खाल्लं नाही. भटजी बारा वाजता येणार होते. त्यांच्याकडं त्या दिवशी सात घरं. साडेबारा झाले, एक झाला. तू पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी म्हटलं, येऊनच राहिले. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी म्हटलं, घरच्या सुनेनं एक दिवस दम धरावा. तिसऱ्यांदा तू काही बोललीच नाही नीट, जीभ जड झाली होती तुझी, आणि मी प्रेमिलाताईंकडं पाहून म्हटलं, नाटक सुरू झालं.

मग तू पातेल्यातलं पुरण उचललं. लिंबाएवढं असंल. मी तुझ्या हातावर फटका मारला. पुरण खाली पडलं. ते तुझ्या तोंडात गेलंच नाही, पुष्पलता. तू पडली, ओट्याची कड कपाळाले लागली, भुवईवर चार टाके पडले.

आणि दवाखान्यातून फोन आला तेव्हा माझ्या अंगणात शंभर माणूस जेवायले बसलं होतं. लोक विचारायले लागले, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, साखरेची बाई, जीभ आवरली नाही, चोरून नैवेद्याचं पुरण खाल्लं, शुगर वाढली आणि पडली. देवानं तिथंच दाखवलं.

वाढली नव्हती तुझी शुगर. उतरली होती. मले कोणी उतरते म्हणून सांगतलंच नव्हतं, मले वाटे हा रोग फक्त वाढायचा. पण पुरण तू खाल्लं नाही, हे तर मले माहीत होतं. ते मी माझ्या हातानं झाडून टाकलं होतं.

कौशल्या


२१ ऑगस्ट

पुष्पलता,

उद्या पोळा. महालक्ष्म्यांले दहा दिवस राहिले. मी अजून कोणाले काही सांगतलं नाही.

हिंमत करून पाहिली. ऋषीले समोर बसवलं, म्हटलं, बेटा, एक गोष्ट सांगायची आहे. तो टीव्ही बंद करून बसला. आणि मी त्याले काय विचारलं? भेंडी आणशील का. पोरगं बिचारं पिशवी घेऊन गेलं. प्रेमिलाताईंले दोनदा फोन लावला आणि दोनदा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला.

तब्येत बरी आहे. उपाशीपोटी एकशे तीस येते. सोमवारचे उपास सोडले. सकाळी गोळी, मग एक भाकर, अंबाडीची नाही तर मेथीची भाजी, जवसाची चटणी. तीन चकरांच्या पाच झाल्या. मयुराचा काटा आता मीच वापरते. डॉक्टर खूश आहे. मले मात्र जेवताना दर वेळेस तूच आठवते. गोळी घेऊन पाच तास उभी ठेवली मी तुले.

आता जे लिहिते ते तुले माहीत नाही. कोणालेच माहीत नाही.

हे गेले तेव्हा तेराव्या दिवशी भरल्या मांडवात मी तुले म्हटलं, "तुझ्या जिभेनं माझं कुंकू पुसलं. तू नैवेद्य उष्टावला आणि पाच महिन्यांत माझं घर बसलं." सगळ्यांनी ऐकलं. तू भाऊजींकडं पाहिलं, भाऊजी खाली पाहून राहिले. तू चप्पल घातली आणि गेली, त्यानंतर आली नाही.

पुष्पलता, यांच्या छातीत आठ दिवस दुखत होतं. मले सांगतलं होतं त्यांनी. डावा हात भरून येते म्हणे. मी म्हटलं, गॅस आहे, तर्रीचे पोहे कमी करा. ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं. ऋषीले सांगू का म्हणाले, तर मी म्हटलं, पोराचं नवीन काम आहे, कायले घाबरवता. नवव्या दिवशी बाथरूमले गेले आणि तिथंच पडले.

मले कोणावर तरी टाकायचं होतं. तुझ्यावर आधीच एक टाकलेलं होतं, त्याच्यावरच दुसरं टाकलं. आता तुझ्यावरचं काढायचं म्हणजे ते माझ्या पदरात घ्यावं लागते. त्याचं भ्याव वाटते मले. खोटं कायले बोलू, लय भ्याव वाटते.

महालक्ष्म्यांले ये म्हणायचं मले तोंड नाही. भाऊजी येतील, दरवर्षी येतात.

कौशल्या


१ सप्टेंबर

पुष्पलता,

आत्ता संध्याकाळचे सात वाजले. आरती झाली, बाया हळदीकुंकवाले येऊन राहिल्या, मयुरा त्यांच्याकडं पाहते. मी मागच्या खोलीत बसून लिहून राहिली. आज झालं ते भाऊजी तुले सांगतीलच, पण ते कमी बोलतात, काही सुटलं तर म्हणून मी लिहिते.

यांच्या मागं पूजेले ऋषी-मयुरा बसतात, मी स्वयंपाकघर पाहते. भाऊजी सकाळीच आले, नेहमीसारखे पाच किलो तांदूळ घेऊन. मी आठले गोळी घेतली. ठरवलं होतं की मयुरानं दिलेली बिस्किटं पदराआड खाऊन घेईन, कोणाले दिसणार नाही, आणि देवीले कळलं तर तिच्याशी मी पाहून घेईन. बिस्किटं हातात घेतली सुद्धा. मग वाटलं, मी पदराआड खाईन आणि तुले चोर म्हणवीन, हे काही बरं नाही.

ताटात भाकर घेतली, वांग्याची भाजी घेतली, आणि पुरणाचा एक लहान गोळा घेतला. नैवेद्याच्याच पातेल्यातला. ताट घेऊन मी बाहेर आली आणि महालक्ष्म्यांच्या समोर, पाटासमोर मांडी घालून बसली. घर भरलेलं. पहिला घास घेतला तशा प्रेमिलाताई ओरडल्या, "कौशल्या! अवं नैवेद्य व्हायचा आहे! डोकं फिरलं का तुझं?"

मी म्हटलं, ताई, गोळी घेतली आहे. खाल्लं नाही तर मी पडीन, पुष्पलता पडली होती तशी.

मग सांगून टाकलं. घास हातातच होता, तसंच सांगतलं. तिनं तीनदा मागितलं, मी दिलं नाही. तिनं पुरण उचललं, मी फटका मारून पाडलं. तिच्या तोंडात कण गेला नाही. चोरून खाल्लं म्हणून मी सांगतलं, ते खोटं. तेराव्याले बोलली ते खोटं. आणि यांच्या छातीचं दुखणं आठ दिवस मी घरात दाबून ठेवलं, तेही सांगतलं. ऋषी पूजेच्या पाटावर बसला होता, सोवळ्यात. त्याच्याकडं पाहायची माझी छाती झाली नाही. खाली पाहूनच बोलली.

 एक बाई उठून बाहेर गेली, मग दुसरी. प्रेमिलाताई म्हणाल्या, "हे आजच सांगायचं होतं? देवीसमोर?" मी म्हटलं, खोटंही तर देवीसमोरच बोलली होती. त्यांनी पर्स उचलली आणि गेल्या. प्रसादाले थांबल्या नाहीत.

ऋषी उठला. मले वाटलं, आता हाही जाते. त्यानं विचारलं, "आई, बाबा आठ दिवस?" मी मान हलवली. तो आतल्या खोलीत गेला, कडी लावली. अर्ध्या तासानं तोंड धुवून आला आणि पुन्हा पाटावर बसला. माझ्याशी अजून बोलला नाही. बोलेल तेव्हा बोलेल, मी घाई करणार नाही.

आता भाऊजींचं.

ते खांबाले टेकून उभे होते. मले वाटलं होतं, रागावतील. मी तयार होती. ते हळूच खाली बसले आणि मले म्हणाले, "वहिनी, ती मले सांगत होती."

मी म्हटलं, काय?

"हेच. जसंच्या तसं. दोन वर्षं सांगत होती. मी म्हणे, वहिनी कायले खोटं बोलतील? मग तिनं सांगणं बंद केलं."

आणि मग ते बोलले, जे मले माहीत नव्हतं. म्हणाले, त्या दिवसापासून घरच्या देवाले तिच्या हातचा नैवेद्य मी लावू दिला नाही. गणपतीले नाही, दिवाळीले नाही, पोरीच्या साखरपुड्याले सुद्धा नाही. शेजारच्या बाईकडून करून घेतो. आणि ती स्वतः बाजूले उभी राहून पाहते.

मले वाटत होतं, मी तुझी एका दिवसाची इज्जत घेतली. तुझ्याच घरात, तुझ्याच चुलीपाशी, सहा वर्षं तू हात बांधून उभी राहिली, आणि इथं मी कॉलनीत चकरा मारून माझी शुगर मोजत होती. तरी तू मले लिहून पाठवलं की गोळी घेतली की जेव. तो कागद तू कोणत्या मनानं लिहिला असंल, मी दिवसभर विचार करून राहिली. माझ्यानं झालं नसतं ते.

भाऊजी न जेवता निघाले. मी म्हटलं, दोन घास खाऊन जा, उन्हाचं जाता. म्हणाले, "आता तिनं वाढलं तर जेवीन." फाटकापाशी चप्पल घालताना त्यांना बक्कल लागेना. मयुरानं खाली बसून लावून दिलं.

नैवेद्य साडेतीनले झाला. पुरण मी उष्टावलं होतं म्हणून मयुरानं नवीन वाटलं, तेही कोणी सांगतलं नाही तरी. जेवायले चाळीसेक लोक राहिले. अन्न उरलं, ते अनाथाश्रमात पाठवलं.

पुष्पलता, मी माफी मागून नाही राहिली. मागितली की तू देऊन टाकशील, मले माहीत आहे, तू तशीच आहेस. मग मी इथं रात्री निवांत झोपीन, आणि तुझी सहा वर्षं तशीच राहतील.

भाऊजी तुझ्यासमोर बसून रडतील. त्यांना रडू दे. ते म्हणतील, आजपासून तूच कर नैवेद्य. लगेच हो म्हणू नको. त्यांना सहा वर्षांचं एकेक सणाचं नाव घेऊन विचार. आणि मले तर लवकर माफ करूच नको, मी अजून जिवंत आहे, थांबते.

कौशल्या